मदत हवी आहे: सामाईक भूजल वापराचे नियम कसे बसवायचे?

नमस्कार मंडळी. एकाच भूजलसाठ्यावर अनेक विहिरी आणि बोअरवेल असतील, तर पाणीवापराचे नियम प्रत्यक्षात कसे बसवायचे? एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामाईक साधनांवरच्या कामासाठी. वापरणाऱ्यांनीच नियम केले, लक्षही त्यांनीच ठेवलं, नियम मोडणाऱ्याला आधी सौम्य आणि मग कडक दंड केला, तर साठा टिकू शकतो. हे मला मनापासून पटतं.

अडतं ते मोजण्यात. तोडलेलं झाड दिसतं, जमिनीखालचं उपसलेलं पाणी दिसत नाही. पंप चालू असताना विहिरीत टेप सोडली तर पातळी जास्तच खोल लागते, म्हणून पंप बंद करून पाणी स्थिरावल्यावर मोजायचं, इथवर ठीक. पण पावसाआधी एकदा आणि नंतर एकदा, एवढ्या नोंदी पुरतात का?

आणि खरा पेच कपातीचा. पातळी उतरली की सगळ्यांना सारखी कपात, की जमिनीच्या प्रमाणात? खोल बोअरवाला शेजारच्या उथळ विहिरीचं पाणी ओढतो, त्याला कोणत्या नियमात बसवायचं?

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. नोंदवहीचा नमुना असेल तर तोही टाका.