भाजल्याची जखम आणि भरपाई: सीमाभागातले अनुभव लिहा

उद्यमबागच्या फौंड्र्या, चिकोडीकडची गुऱ्हाळं, घरोघरचे सिलिंडर. आपल्याकडं माणसं भाजतात, दवाखान्यात घरदार विकायची पाळी येते, आणि भरपाईचा अर्जच कुणी करत नाही. ज्यांनी केला त्यांनी लिहा. कुठं अडलं, कुठला कागद कामाला आला? कारखान्याचं, दवाखान्याचं नाव नको.

उद्यमबाग, बेळगाव
आमचे हे ओतकामाला. लोखंडाचा रस उडून बुटात गेला. मोजा कातडीला असा चिकटलेला की नर्सबाईंनी भिजवून भिजवून सोडवला. मालक म्हणाले, "वैनी, खर्च सगळा माझा, पोलिसांत कशाला जाताय?" मांडीची कातडी काढून पायाला लावायची म्हटल्यावर फोन उचलेनात. दिरानं पगाराची स्लिप बघितली तर ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, पैसे कापलेले! तिथून मार्ग निघाला. उपचार झाले, कामावर जाता येत नव्हतं तोवर पगाराच्या ९० टक्के मिळाले. फक्त अपघाताचा अहवाल मालकाकडून घेताना जीव मेटाकुटीला आला. ईएसआय असेल तर कामगार भरपाईचा वेगळा दावा चालत नाही, हेही तेव्हाच कळलं.

चिकोडी तालुका
धाकटा भाऊ गुळव्या, गुऱ्हाळात गूळ शिजवणारा. काहील उतरताना पाय घसरला, उजवा हात कोपरापर्यंत पाकात. पाणी निथळून तरी जातं, पाक चिकटून भाजतच राहतो. जखम भरली, पण बोटं आत वळली ती वळलीच. ईएसआय वगैरे काही नाही, म्हणून तेव्हाच्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याखाली दावा लावला. त्या कायद्यात तो दोन वर्षांच्या आत लावावा लागायचा. दाखल्यावर अपंगत्वाचे टक्के कमी, आणि समोरचे वकील त्यालाच धरून बसले. आमच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाचा १९७६ चा निकाल काढला. डावा हात गेलेल्या सुताराला सुतारकाम जमणार नाही म्हणून पूर्ण अपंग धरलं होतं. ज्या माणसाला ढवळणं धरता येत नाही तो गुळव्या कसला? हेच आमचं म्हणणं होतं आणि ते मान्य झालं. पैसे उशिरा आले, पण १२ टक्के व्याजासकट.

खानापूर
सिलिंडरची नळी फुटून मुलगी भाजली, गळा आणि छाती. तेल कंपन्यांचा विमा असतो, ग्राहकाला हप्ता नसतो, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मृत्यू झाल्यास ६ लाख, उपचाराला माणशी २ लाखांपर्यंत. एजन्सीला लगेच लेखी कळवा आणि पोच घ्या. आमची पोच होती म्हणूनच पुढं सरकलं. पण २ लाख पुरत नाहीत. मूल वाढतं, व्रणाची कातडी त्याच्याबरोबर वाढत नाही. मान खाली ओढली जाते, पुन्हा ऑपरेशन. पुढच्या खर्चाचं कुठं मागायचं?

निपाणी (वकील)
खानापूरच्या ताई, नळी किंवा रेग्युलेटर सदोष असेल तर ग्राहक आयोगात जाता येतं, मुदत दोन वर्षं. प्लास्टिक सर्जनकडून पुढच्या ऑपरेशनांचा लेखी अंदाज आत्ताच घ्या. जळकी नळी टाकू नका. पोलिसांतला जबाब कन्नडमध्ये असतो, मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही नको. बाईमाणसाला आणि मुलांना उत्पन्न न बघता सरकारकडून वकील फुकट मिळतो. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात अर्ज द्या.