सातवी ते नववीसाठी व्यसनप्रतिबंधाचे तास सुरू करायचेत, गावातल्या गावात पैसे कुठून उभे करावेत?

वर्गशिक्षिका, गंगापूर तालुका

आमची खासगी अनुदानित शाळा, पाचवी ते दहावी. वाळूज एमआयडीसी जवळच, त्यामुळे बरेच पालक शिफ्टला. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, पण पुडी कुठे मिळते ते सहावीतलं पोरगंही सांगेल. ते जुनंच. यंदा नववीतल्या एकाच्या कंपासपेटीत रुमालाची घडी सापडली, उघडली तर पंक्चरच्या सोल्युशनचा भपकारा, नशेसाठी हुंगायचा. दुसऱ्याच्या दप्तरात नशेच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप. पोरं तिला 'बटन' म्हणतात. दोघांचे दाखले हातात द्या म्हणणारे स्टाफरूममध्येच आहेत. मला मात्र दर पंधरवड्याला एक तास असं वर्षभर बसवायचंय. मुलं साधारण २४०. दोन शिक्षकांचं प्रशिक्षण, कृतिपुस्तिकांची छपाई, महिन्यातून एकदा समुपदेशकाचं मानधन आणि प्रवास धरून चाळीस हजारांच्या आसपास जाईल.

संस्था म्हणते पैसे नाहीत. वेतनेतर अनुदान वीजबिलातच संपतं आणि समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान आम्हाला लागू नाही. एका कंपनीत गेले तर पहिला प्रश्न, "सीएसआर-१ नंबर आहे का?" (कंपन्यांचा सामाजिक निधी घ्यायला संस्थेला लागणारा नोंदणी क्रमांक) आणि दुसरा, "बॅनर केवढा लावणार?" आमदार निधीतून जमेल का? कुणी केलंय का असं?

निवृत्त ग्रामसेवक, नेवासा

मॅडम, आमदार निधीचा नाद सोडा. तो बांधकामाला: खोली, संरक्षक भिंत, सभामंडप. तास आणि समुपदेशक त्यात बसत नाहीत. खासदार निधीचंही तेच.

तुम्ही ग्रामपंचायतीचं दार वाजवा. स्वनिधीतले, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले, १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चावेच लागतात. कारखान्यांच्या करातला वाटा तुमच्या पंचायतीला येत असेल तर ही रक्कम किरकोळ नसणार. या पैशाचं काय होतं ते मी नोकरीभर पाहिलंय. वर्षभर कुणाला आठवण नसते, मार्च उजाडला की ऑडिटचा आक्षेप नको म्हणून धावपळ, आणि मग शिलाई मशीन नाहीतर अंगणवाडीला खुर्च्या. खुर्च्या आधीच्या वर्षीही घेतलेल्या असतात. अशा वेळी चाळीस हजारांची नीट मागणी ठरावासह फाइलला असली तर सरपंचही सुटल्यासारखे होतात.

पण मार्चमध्ये जाऊ नका. पंचायतीच्या पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते, २६ जानेवारीपर्यंत बहुतेक सगळं ठरलेलं असतं. आराखड्याच्या नऊ संकल्पनांमध्ये 'बालस्नेही गाव' आहे, त्याखाली घाला. आणि विषय तुम्ही मांडू नका. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथे बचत गटातल्या दोन-तीन आयांना बोलू द्या. मास्तर बोलले की लोक म्हणतात शाळेचं रडगाणं सुरू झालं. आई बोलली की इतिवृत्तात येतं.

पैसे शाळेच्या खात्यावर मागू नका, तिथेच संशय सुरू होतो. छपाईची कोटेशनं पंचायतीच्या नावाने, बिल पंचायतीच्या नावाने. तुम्ही फक्त पुस्तिका मिळाल्याची पोच आणि तासांची हजेरी द्या.

समुपदेशक (व्यसनमुक्ती केंद्र), पुणे

दादांनी पैशाचं सांगितलं, मी खर्च कमी कसा होईल ते सांगतो. नशामुक्त भारत अभियानात शिक्षकांसाठी 'नवचेतना' नावाचं प्रशिक्षण साहित्य आहे, ते वापरा. नव्याने लिहून घेण्याचा खर्च वाचतो. तंबाखूपुरती मदत जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाकडे मागा, शाळांचे कार्यक्रम हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. ज्या दोन मुलांचं तुम्ही सांगितलं, त्यांच्या पालकांना १४४४६ हा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर आजच द्या. त्यासाठी ठरावाची वाट पाहू नका. दाखला काढलात तर ती मुलं टपरीवरच जाऊन बसतील.

एक कळकळीचं सांगणं. चाळीस हजारांतला रुपयाही एकदिवसीय व्याख्यानावर घालवू नका. काळ्या फुप्फुसाचा फोटो, शपथ, फेरी, शाल-श्रीफळ, मग बातमी. एकदाच येऊन घाबरवून गेल्याने मुलांची सवय बदलत नाही, संयुक्त राष्ट्रांच्या मादक पदार्थ कार्यालयाची २०१८ ची प्रतिबंधाची मानकंही हेच सांगतात. मित्राला नाही कसं म्हणायचं, राग आला की काय करायचं, याचा सराव मुलांकडून करून घ्यावा लागतो आणि तो वर्गशिक्षकच करून घेऊ शकतो. म्हणून प्रशिक्षणाचा आकडा वाढवा, माझ्यासारख्यांच्या मानधनाचा कमी करा. आणि गोळ्यांची नावं-फोटो फळ्यावर नकोत. ज्यांना माहीत नसतं त्यांनाही माहीत होतं.

छोटा कारखानदार, वाळूज

सीएसआरची सक्ती सरसकट नाही. निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी, यातलं एक तरी असेल तरच. आमच्यासारख्या जॉबवर्कवाल्यांना ती लागत नाही, म्हणून आमच्याकडे सीएसआर मागू नका, सरळ देणगी मागा. पुस्तिकांची छपाई मीच काय, कुणीही करून देईल. मोठ्या कंपनीकडे जायचं तर सीएसआर-१ शाळेचा नसतो, संस्थेचा असतो. त्यासाठी तुमच्या संस्थेकडे १२ए आणि ८०जी (आयकर खात्याच्या नोंदण्या) दोन्ही आहेत का ते आधी सचिवांना विचारा. रोटरीवाल्यांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्यांना मे-जूनमध्ये गाठा.

पानमसाल्याचा एजंट स्नेहसंमेलनाला टी-शर्ट द्यायला येईल, त्याला फाटकातूनच परत पाठवा.

वर्गशिक्षिका, गंगापूर तालुका

१२ए आहे, ८०जीचं नूतनीकरण राहिलंय असं कळलं, म्हणजे मोठ्या कंपनीचा विषय यंदा संपला. महिला सभेचं मला माहीतच नव्हतं. आमच्या आशाताईंशी बोलले, त्या दोन गटांना घेऊन यायला तयार आहेत. ग्रामसेवक दादा, अर्ज सरपंचांच्या नावे करू की ग्रामसेवकांच्या? आणि शाळेजवळच्या टपरीचा विषय त्याच ठरावात घेऊ का?

निवृत्त ग्रामसेवक, नेवासा

सरपंचांच्या नावे, मार्फत ग्रामपंचायत अधिकारी (ग्रामसेवकाच्या पदाचं आताचं नाव). दोन प्रती न्या, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या. टपरीचा ठराव वेगळा करा. कुंपणापासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कोटपा या तंबाखूविरोधी कायद्याने बंदीच आहे, पण टपरीवाला कुणाचा तरी भाचा निघतो आणि मग दोन्ही विषय एकत्र लटकतात. आधी पैशाचा मंजूर करून घ्या.