शब्दचर्चा : ‘लाभार्थी’, ‘सामाजिक प्रभाव’, ‘सर्वसमावेशक विकास’

कुपवाड

नमस्कार. कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी हिशेब आणि पत्रव्यवहार बघते. आम्ही पंपांचे सुटे भाग करतो. ते भरायच्या जाड कापडी पिशव्या कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका महिला बचत गटाकडून शिवून घेतो. यंदा या कामाचा चार पानी अहवाल मराठीत करायचं ठरलं, म्हणजे गटातल्या बायकांनाही तो वाचता येईल. एका सल्लागारांनी इंग्रजी मसुदा दिला होता. त्यावरून मराठी करताना माझ्याकडून ‘सामाजिक प्रभाव’, ‘सर्वसमावेशक विकास’ आणि ‘महिला लाभार्थी’ असे शब्द पडले.

गटाच्या बैठकीत मी ते वाचून दाखवलं. बॉबिन भरता भरता एक मावशी म्हणाल्या, “लाभार्थी कशापायी म्हणतासा? पिशवी शिवतो, मोजून देतो, पैसं घेतो. लाभार्थी म्हंजे यादीत नाव आल्यालं.” बाकीच्यांनीही माना हलवल्या. या तिन्ही शब्दांच्या जागी काय लिहावं, जाणकारांनी सांगावं.

वाई

ताई, मावशींनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. ‘अर्थी’ म्हणजे इच्छा धरणारा, मागणारा. विद्यार्थी, मोक्षार्थी, शरणार्थी हे शब्द याच घडणीचे. लाभाची इच्छा धरणारा तो लाभार्थी. सरकारी योजनांनी त्याला आजचा अर्थ दिला : अर्ज केला, पात्र ठरला, यादीत नाव लागलं. घरकुलाचा लाभार्थी, निराधार योजनेचा लाभार्थी. तिथे तो शब्द चोख बसतो, कारण देणारा एक आणि घेणारा दुसरा असतो. तुमच्या पिशव्यांच्या व्यवहारात दोन्ही बाजू देतात आणि दोन्ही बाजू घेतात.

पाटबंधारे खात्यात जवळचा एक शब्द आहे, ‘लाभधारक’. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांच्या लाभक्षेत्रातला शेतकरी पाणीपट्टी भरतो, म्हणून तो लाभधारक. ‘धारक’ म्हटलं की हक्क आला. पण तोही शब्द शिवणाऱ्या बाईला लावू नका. ती कुणाचा लाभ धरून बसलेली नाही, ती माल देते.

‘सामाजिक प्रभाव’ही काढाच. मराठीत प्रभाव माणसाचा असतो. ‘त्यांचा तालुक्यात प्रभाव आहे’ म्हणजे त्यांच्या शब्दाला वजन आहे. अहवालात हा शब्द वाचल्यावर लोकांना मालकांचं वजन आठवेल, पिशव्या नाही. ‘परिणाम’ चालेल, पण तो थंड आहे. मी ‘फरक’ सुचवेन. ‘काय फरक पडला?’ हे बैठकीत कुणालाही विचारता येतं आणि ज्याला विचारलं त्याला उत्तरही देता येतं.

पलूस

वाईच्या सरांशी सहमत. सल्लागारांच्या मसुद्यात बहुधा ‘सामाजिक उत्तरदायित्व’ (सीएसआर) हाही शब्द असेल. असेल तर तेही काढा. तो आता कायद्याचा शब्द झालाय. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतली एक जरी मर्यादा गाठली तरी कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान २ टक्के समाजोपयोगी कामांवर खर्चावे लागतात. हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. नेहमीच्या धंद्याचा खर्च त्यात धरत नाहीत. पिशव्या घेणं ही तुमची खरेदी आहे, तिला उत्तरदायित्व म्हटलं तर ती उपकारासारखी दिसते.

मला या निमित्ताने ‘उद्योग’ या शब्दाबद्दलही सांगायचंय. उद्योग म्हणजे मुळात खटपट, कष्ट. कारखाना हा अर्थ त्याला नंतर चिकटला. आमच्या शेजारी किर्लोस्करवाडी आहे. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिला. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर लोखंडी नांगराचा कारखाना आणि कामगारांची वसाहत उभी राहिली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा दंडक होता. ही गोष्ट नफ्यातल्या बाजूला काढलेल्या रकमेतून झाली नाही. कोण कुणाशेजारी राहणार आणि कोण कुणाबरोबर काम करणार, हे ठरवताना झाली. किर्लोस्करांचे नांगर विकत खेडोपाडी हिंडलेले भाऊराव पाटील यांनी पुढे १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, हेही आपल्या भागात विसरू नये. तुमच्या अहवालात दान किती दिलं यापेक्षा कारखाना कसा चालवता हे आधी यावं, असं मला मनापासून वाटतं.

म्हसवड

माझ्या मते आणखी एक शब्द हवा : ‘पत’. बँकेत पत म्हणजे कर्ज मिळायची लायकी आणि गावात पत म्हणजे इज्जत. मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

आमच्या गावात १९९७ साली चेतना सिन्हा आणि माण तालुक्यातल्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक काढली. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जदार बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका लिहायला शिकल्या आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. तुम्ही म्हणाल त्या रकमेचं व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. परवाना मिळाला. हिशेब त्यांना आधीपासून येत होता, अडला होता तो कागद. म्हणून ‘सक्षमीकरण’ हा शब्द मी जपूनच वापरते. बाई आधी अक्षम होती असं तो गृहीत धरतो. ‘गटाची पत वाढली’ म्हणा. कुठल्या बँकेने किती कर्ज दिलं, किती फेडलं, हे त्याखाली लिहिता येतं.

वाळवा

तिसरा शब्द राहिला, ‘सर्वसमावेशक विकास’. समावेश कुणीतरी करतो, कुणाचा तरी होतो. यादी करणाऱ्याच्या हातात पेन असतं. आपल्या भागाकडे याहून चांगला शब्द आहे : ‘सभासद’. सहकारी संस्थेत भाग घेतला की तुम्ही सभासद आणि भाग एक असो की शंभर, मत एकच. सभासद अहवाल मागू शकतो, वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारू शकतो. लाभार्थ्याला प्रश्न विचारायची जागाच नसते.

पण आपल्या सहकाराची मर्यादाही बघायला हवी. ऊस पिकवणारा सभासद झाला, ऊस तोडणारा झाला नाही. बीडकडून तोडीला येणारं नवरा-बायकोचं जोडपं हिशेबात ‘एक कोयता’ असतं. मुकादम आगाऊ पैसे देतो, ती उचल कोयत्यावर ठरते. एकटं माणूस आलं तर ‘अर्धा कोयता’. बाई पहाटे फडात उतरते, ऊस साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रॉलीपर्यंत नेते आणि खोपीवर येऊन चूल पेटवते. वहीत मात्र नाव नवऱ्याचं, ती अर्ध्या कोयत्यात. कुठल्याही अहवालात ‘सर्व’ हा शब्द आला की मला हीच वही आठवते. म्हणून ताई, ‘सर्व’ लिहिण्याऐवजी कोण कोण ते लिहा. पिशव्या गावातून कुपवाडला आणणारा टेम्पोवाला, तुमच्याकडे भाग पुसून पिशवीत भरणाऱ्या रोजंदारीवरच्या बायका. त्यांचा हजेरीचा दर काय, तेही येऊ द्या.

आणि विशेषण हवंच असेल तर ‘समन्यायी’ घ्या. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने आटपाडीला दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरत, त्या चळवळीने ‘समन्यायी पाणीवाटप’ हे शब्द घरोघरी नेले. ज्याचं रान मोठं त्याला जास्त पाणी, असं नाही. पाणी कुटुंबागणिक, भूमिहीनालाही वाटा. समान म्हणजे सारखं, समन्यायी म्हणजे न्यायाला धरून. हा शब्द इथल्या दुष्काळी लोकांनी मोर्चे काढून रुळवलाय. तो वापरायचा तर वाटप खरंच तसं असायला हवं.

कुपवाड

सगळ्यांचे आभार. नवा मसुदा घेऊन परत गटाकडे गेले होते. ‘लाभार्थी’च्या जागी ‘शिवणकाम करणाऱ्या सभासद’ लिहिलं, कारण त्या गटाच्या सभासद आहेतच. ‘सामाजिक प्रभाव’ या मथळ्याच्या जागी ‘काय फरक पडला’ आलं. त्याखाली काय लिहायचं ते बायकांनीच सांगितलं : मशीन कुणी स्वतःच्या पैशाने घेतलं, कुणाची सावकाराची उधारी फिटली, कुणाचं मूल मिरजेला शिकायला गेलं. हे शेवटचं एकीने सांगितलं आणि दुसरीने लगेच दुरुस्त केलं, “त्यो पिशवीच्या पैशानं न्हाई गेला, मामानं नेला.” ते वाक्य काढलं.

‘समन्यायी’ मात्र लिहिला नाही. पिशवीचा दर अजून आम्हीच ठरवतो, बायकांना कळवतो. दर ठरवायच्या बैठकीला गटाच्या दोघी असाव्यात, असं मी मालकांना सांगितलं. ते तयार आहेत. ती बैठक झाली की शब्द येईल.

एक शंका राहिली. बिलावर ‘शिवण मजुरी’ लिहायचं की ‘पिशव्यांची किंमत’? आणि गटाला काय म्हणायचं? आमच्या खात्यात तो ‘इतर’मध्ये पडतो.

विटा

कापड कारखान्याचं असेल तर ‘शिवण मजुरी’ किंवा सरळ ‘जॉबवर्क’, बायकाही तोच शब्द वापरत असतील. कापड गट घेत असेल तर ‘पिशव्यांची किंमत’, आणि त्या किमतीत कापडाची गुंतवणूक, दोरा, वीज, वाया गेलेले तुकडे सगळं धरलं पाहिजे. दोन्ही वेळेला गट हा ‘पुरवठादार’. ‘इतर’मधून काढून त्याला स्वतःचं खातं द्या.

त्याहून महत्त्वाचं, गटाची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. त्या अर्जात संस्थेच्या प्रकारात बचत गटाचाही पर्याय आहे, नोंदणीला शुल्क नाही, गटाच्या नावाचा पॅन काढून ठेवा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. हे बायकांना बैठकीत वाचून दाखवा. छोट्या पुरवठादाराचं कंबरडं मोडतं ते अडकलेल्या बिलांनी, दर कमी असण्याने त्यामानाने कमी. अहवालात एक ओळ हमखास घाला : यंदा गटाची बिलं सरासरी किती दिवसांत चुकती केली.