टॉरंटचा वेग कशाने वाढला? तुमचे अनुभव लिहा

एकाच सर्व्हरवर सगळे तुटून पडले की मोठी फाइल रखडते. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटॉरंट आणलं ते याच अडचणीवर: जो उतरवतो तोच आपल्याकडचे तुकडे पुढे वाटत जातो. डेबियन, लिबरऑफिस, इंटरनेट अर्काइव्ह आजही अशा पद्धतीने, म्हणजे टॉरंटने, फाइली देतात. तरी बरेच जण सॉफ्टवेअर टाकतात, वेग मिळाला नाही की काढून टाकतात, याचं मला वाईट वाटतं. तुम्ही नेमकं काय बदललंत आणि त्याने काय झालं, ते सविस्तर लिहा. चोरीच्या चित्रपटांचा विषय इथे नको.

* * *

माझ्याकडे अपलोड फार चिंचोळं आहे. त्याला मर्यादा घातली नाही तर डाउनलोडही अडखळतं आणि घरातल्या बाकीच्यांची साधी पानं उघडत नाहीत. येणाऱ्या डेटाची पोच उलट दिशेने जावी लागते आणि ती पोचच अपलोडच्या गर्दीत अडकते. मोजलेल्या अपलोडच्या साधारण ८० टक्क्यांवर मर्यादा ठेवली आणि दोन्ही सुरळीत झालं. वेग मोजणाऱ्या साइट मेगाबिट दाखवतात, सॉफ्टवेअर किलोबाइट मागतं. आधी हजाराने गुणा आणि आठने भागा, मग आकडा भरा.

* * *

वरचं वाचून कुणी मर्यादा अगदी तळाला नेऊ नका! आपण ज्यांना तुकडे देतो तेच आपल्याला आधी देतात, प्रोटोकॉलची रचनाच तशी आहे. सीडर (पूर्ण फाइल असलेले, ती वाटणारे) कमी असलेल्या एका जुन्या संग्रहावर मी अपलोड मोकळं केलं आणि डाउनलोड लगेच चढलं.

* * *

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो पोर्ट (संगणकात येण्याजाण्याचा क्रमांकाचा दरवाजा) उघडण्याचा. क्यूबिटटॉरंट या टॉरंटच्या सॉफ्टवेअरच्या खालच्या पट्टीत जोडणीचं चिन्ह असतं. ते फायरवॉल आड येतेय असं सांगत असेल, तर बाहेरचे लोक तुमच्यापर्यंत पोचत नाहीत, फक्त तुम्ही त्यांच्याकडे जाऊ शकता. समोरचाही असाच बंद असेल तर दोघांची गाठ सहसा पडत नाही. मी राउटरमध्ये संगणकाला कायमचा स्थानिक आयपी दिला, ४९१५२ च्या पुढचा एक पोर्ट निवडला आणि टीसीपी व यूडीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती) दोन्हींसाठी तो संगणकाकडे वळवला. संगणकाच्या फायरवॉलमध्येही परवानगी लागते. ६८८१ ते ६८८९ हे जुने ठरावीक पोर्ट टाळलेले बरे, काही ट्रॅकर (कुणाकडे तुकडे आहेत ते सांगणारे सर्व्हर) ते घेतच नाहीत. राउटरमधली यूपीएनपी ही सोय चालू ठेवली तर राउटर हे काम आपोआप करतो, पण मग घरातला कुठलाही प्रोग्राम पोर्ट उघडू शकतो, म्हणून मी ती बंदच ठेवते. गर्दीच्या टॉरंटवर यातला फरक कळतही नाही. दोनतीन सीडर उरलेल्या फाइलवर मात्र स्पष्ट कळतो.

* * *

ताई, तुमच्या सगळ्या पायऱ्या केल्या तरी माझा पोर्ट बंदच दिसत होता. राउटरचा बाहेरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर सेवा देणारी कंपनी अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवते आहे, हे समजा. तिथे राउटरमध्ये काहीही वळवून उपयोग नाही. माझं काम आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) चालू केल्यावर झालं, अर्थात त्यासाठी समोरच्याकडेही ते हवं.

* * *

जुन्या सल्ल्यांपासून सावध. विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये (२००४) एका वेळी अर्धवट (सुरू झालेल्या पण पूर्ण न झालेल्या) जोडण्या फक्त १० ठेवल्या होत्या, म्हणून लोक सिस्टीमची फाइल बदलायचे. ती मर्यादा केव्हाच गेली, तो पॅच मात्र अजून कुणीतरी सुचवतंच. कृपया टाकू नका. तसंच जोडण्यांची संख्या हजारांत नेऊ नका. माझा साधा राउटर त्याने गुदमरायचा, आकडा उतरवल्यावर सुधारला.

* * *

वायफायऐवजी केबल. बाकी काही केलं नाही, तरी पुरलं.

* * *

एक वेगळी युक्ती सांगतो. ब्राउझरमधून उतरणारी लिनक्सची आयएसओ (सिस्टीम बसवण्याची मोठी फाइल) मध्येच तुटली. त्याच फाइलचं टॉरंट जोडलं, अर्धवट फाइल टॉरंटमधल्याच नावाने त्या फोल्डरमध्ये ठेवली आणि पुन्हा तपासणी करायला लावली. प्रत्येक तुकड्याचा हॅश (तुकडा बरोबर आहे का ते ताडायची खूण) टॉरंटमध्ये असतोच, त्यामुळे शाबूत तुकडे जुळले आणि फक्त उरलेलं उतरलं. ते टॉरंट अजून चालू ठेवलंय, कुणाची ती आयएसओ अडली असेल तर माझ्याकडून तुकडे मिळतील.