‘तयार’ गवई, ‘मोठा’ गवई आणि अडलेला अनुवाद

प्रश्न

एका लेखाचा अनुवाद करतोय. विषय जुनाच आहे: खरा थोर म्युझिशियन कोणाला म्हणायचं, यावर संगीतवेड्या लोकांची हमरीतुमरी. वेगवान बोटांचा, नवं काही घडवणारा, की ऐकणाऱ्याला रडवणारा? वाद बाजूलाच राहिला, मी पहिल्या शब्दावरच अडलोय. ‘संगीतकार’ लिहिलं की मराठी वाचकाला चाली बांधणारा माणूस दिसतो, सतार वाजवणारा दिसत नाही. ‘कलाकार’ म्हणजे नटही आला, चित्रकारही आला. ‘संगीतज्ञ’ म्हटलं की चष्मा लावून ग्रंथ चाळणारा कुणीतरी. आणि ‘थोर’, ‘महान’ हे शब्द तर पुतळ्याखालच्या पाटीवरचे वाटतात. बोलताना आपण काय म्हणतो?

प्रतिसाद

एक शब्द मिळणार नाही. मराठीत माणसाचं नाव तो काय करतो यावरून पडतं. गातो तो गवई, तबला वाजवतो तो तबलजी, सारंगी वाजवतो तो सारंगिया. लग्नात वाजवतात ते वाजंत्री, साथीला बसतात ते साजिंदे. सगळ्यांना कवेत घेणारा शब्द लागला नाही, कारण सगळ्यांना एका पंगतीत बसवलंच नव्हतं.

यातले निम्मे शब्द आता अंगाला टोचतात. ‘तबलजी’ म्हटलेलं आज कुठल्याही तबलावादकाला आवडणार नाही. पेटीवाल्याचा ‘संवादिनीवादक’ झाला, पण तो निमंत्रणपत्रिकेवर. प्रत्यक्ष बैठकीत अजूनही ‘पेटी जरा पुढे घ्या’ असंच ऐकू येतं. सनईचं बघा. मांडवाच्या दारात वाजते तेव्हा ‘सनईवाले आले का?’ अशी चौकशी होते. तीच सनई बिस्मिल्लाखाँनी मैफलीच्या मधोमध आणून ठेवली, २००१ साली त्यांना भारतरत्न मिळालं, आणि ‘सनईवाले बिस्मिल्लाखाँ’ म्हणायची कुणाची छाती नाही.

‘संगीतज्ञ’बद्दल तुमचं बरोबर आहे. भातखंडे संगीतज्ञ, त्यांना गवई कुणी म्हणत नाही. उलट, अब्दुल करीमखाँना संगीतज्ञ म्हणणं म्हणजे त्यांच्या सुरावर अन्याय.

प्रतिसाद

थोरपणाचा शब्द शोधायचा तर आधी ‘तयार’ हा शब्द बाजूला काढा. अनुवादक हमखास तिथे फसतो. कोशातून तो कुशल, निष्णात असा वाटतो. बैठकीत मात्र तो दुधारी आहे.

स्वतःचंच सांगतो. बारा वर्षं शिकल्यावर एकदा गुरुजींच्या जुन्या मित्रांसमोर गायलो. द्रुत लयीत ताना सपाट गेल्या, एकही अडखळली नाही. उठताना त्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, “तयारी छान आहे हो तुमची.” मी आठवडाभर हवेत. पुढे कितीतरी दिवसांनी तेच गृहस्थ दुसऱ्या एका मुलाचं गाणं ऐकत होते. तो पोरगा दोनदा अडखळला, तिसऱ्या वेळी गांधार या सुरावर थांबला आणि तिथेच जरा रेंगाळला. हे मान डोलावत शेजाऱ्याला म्हणाले, “याच्याकडे गाणं आहे.” मला माझा निकाल तेव्हा कळला.

तर तुमचा शब्द हा: गाणं. ‘गळा आहे, गाणं नाही’, ‘तयारी आहे, गाणं नाही’ ही वाक्यं मराठी श्रोता रोज बोलतो. इथे गाणं म्हणजे चीज नव्हे, बंदिश नव्हे. ती त्या माणसाकडे असलेली काहीतरी वस्तू आहे. असते किंवा नसते.

प्रतिसाद

हे ऐकायला गोड आहे, पण मला पटत नाही. ‘तयारी नाही पण गाणं आहे’ ही आळशी माणसाची पळवाट झाली आहे. मी तबला शिकतो. आमच्याकडे आधी हात. कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची ठरीव रचना, चौपट लयीत नेला की प्रत्येक अक्षर सुटं ऐकू आलं पाहिजे, ताटात ज्वारी ओतल्यासारखं. त्यालाच दाणेदार म्हणतात. दाणा फुटला की पीठ. पिठात कसलं आलंय गाणं?

थिरकवाखाँसाहेबांचं नाव काढलं की आम्ही कान धरतो. त्यांचं नाव अहमदजान. ‘थिरकवा’ हे बोटांच्या थिरकण्यावरून पडलेलं टोपणनाव, आणि पुढे तेच नाव झालं. तयारी इतकी की माणसाचं नाव पुसून गेलं. तिला दुय्यम कसं म्हणायचं?

प्रतिसाद

दुय्यम कुणी म्हटलं नाही. पण ‘दमसास’ हा शब्द घ्या. दम म्हणजे श्वास आणि सास म्हणजेही श्वास. एक फारसीतला, एक आपला. छातीत किती हवा टिकते त्याचं हे माप. जुने लोक गवयाची पहिली परीक्षा इथेच घ्यायचे. आता कुमार गंधर्व आठवा. लहानपणी ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळवलेला मुलगा, ऐन पंचविशीच्या आत क्षयाने अंथरुणाला खिळला. १९४८ मध्ये ते देवासला राहायला गेले, काही वर्षं गाणं बंद. परत गायला लागले तेव्हा फुप्फुसाने पूर्वीसारखी साथ दिली नाही. लांबलचक ताना गेल्या, तुकडे आले: छोटे, धारदार, एकदम वर उडी घेणारे. दमसासाच्या मापाने तोललं तर वजन कमीच भरतं. म्हणून ते लहान झाले का?

अल्लादियाखाँचंही तसंच. तरुणपणी अति गाण्यामुळे आवाज बसला, आणि सुटला तो पहिल्यासारखा नव्हता. त्या उरलेल्या आवाजात बसेल अशी पेचदार गायकी त्यांनी घडवली. आज जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून जिचा दरारा आहे, ती हीच.

(दोघांची तयारी अफाट होती हे मान्यच. तबलेवाल्या मित्रांनी रागावू नये.)

प्रतिसाद

जुन्या ग्रंथात डोकावू या का? शार्ङ्गदेवांचा ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिलेला, म्हणजे आपल्या दारातलाच. त्यात गायकांचे पाच प्रकार आहेत. शिक्षाकार म्हणजे जो काहीही उणं न ठेवता शिकवू शकतो. अनुकार, दुसऱ्याची ढब उचलणारा. रसिक, जो स्वतः रसात बुडून जातो. रंजक, ऐकणाऱ्याला खूश करणारा. आणि भावक, जो गीतात आणखी काही भर घालून त्याला उंच नेतो.

आता गंमत बघा. आजच्या मराठीत ‘रसिक’ कुठे बसतो? समोरच्या खुर्चीत. ‘भावक’ हाही समीक्षेत आस्वाद घेणाऱ्यासाठी वापरला जातो. सातशे वर्षांत पाचांतले दोन गायक व्यासपीठावरून उतरून श्रोत्यांत जाऊन बसले. ‘रंजक’ माणसापासून सुटून विशेषण झाला, तोही जरा हलका. ‘रंजक कार्यक्रम’ म्हटलं की त्यात फारसं काही नव्हतं असं समजायचं.

त्याच ग्रंथात गायकाचे पंचवीस दोषही आहेत, आणि ते वाचताना हसू आवरत नाही. उंटासारखी मान ताणून गाणारा तो करभ, कावळ्यासारखा आवाज काढणारा काकी, गळा भोपळ्यासारखा फुगवणारा तुंबकी, डोळे मिटून गाणारा निमीलक. शेवटच्या दोषावर आजच्या निम्म्या मैफली बाद होतील. आपण तर मिटलेल्या डोळ्यांना ‘समाधी लागली’ म्हणतो!

‘गंधर्व’चा भाऊबंद ‘गांधर्व’ही तिथे आहे. मार्ग म्हणजे जुनं शास्त्रोक्त आणि देशी म्हणजे प्रदेशाप्रदेशातलं, दोन्ही संगीतं जाणतो तो गांधर्व. नुसता मार्ग जाणणारा स्वरादि. म्हणजे तिथे ही ज्ञानाची पायरी होती. महाराष्ट्रात ‘गंधर्व’ची पदवी झाली आणि मग रांगच लागली: भास्करबुवा बखले देवगंधर्व, शिवाय बालगंधर्व, सवाई गंधर्व, कुमार गंधर्व, छोटा गंधर्व. ‘सवाई’ म्हणजे सव्वापट, शेरास सव्वाशेर. आता त्या नावातला गंधर्वही गळाला. १९५३ पासून पुण्यात चालत आलेल्या महोत्सवाला लोक ‘सवाईला गेलो होतो’ म्हणतात. सव्वा शिल्लक, एक गायब.

प्रतिसाद

बुवा, पंडित, उस्ताद यांचंही कुणीतरी बोला. एके काळी आपल्याकडे मोठ्या गवयाला ‘बुवा’ पुरायचं: बाळकृष्णबुवा, भास्करबुवा, वझेबुवा. कीर्तनकाराला जो मान, तोच गवयाला. पुढच्या पिढीत भीमसेन जोशी ‘पंडित’ झाले. आता तर तिशीतल्या मुलाच्या नावामागेही पंडित लागतं. ‘बुवा’ मात्र ‘बुवाबाजी’च्या संगतीने वाया गेला.

‘उस्ताद’ मराठीत आला आणि दोन वाटांनी गेला. एक गवयांकडे. दुसरा आखाड्यात जाऊन वस्ताद झाला. ‘तालीम’ही तशीच: खाँसाहेबांकडे तालीम घेणारा सूर लावतो, आणि आमच्या गल्लीतल्या तालमीत पोरं दंड काढतात. उस्तादाचा तिसराही एक अर्थ आहे. ‘फार उस्ताद आहे तो’ म्हटलं तर त्याच्याशी व्यवहार जपून करा.

प्रतिसाद

सगळे पुरुषांचेच शब्द चाललेत. कलावंत म्हटलं की मान. मोगल दरबारात ध्रुपद गाणाऱ्यांना कलावंत म्हणत. त्याचं स्त्रीलिंग कलावंतीण. आता हा शब्द कुणा गायिकेला लावून बघा. संगीतातला नायक म्हणजे फार वरची पायरी. नायकीण म्हणजे काय ते सांगायला नको. कसबी माणूस म्हणजे हुन्नरी, कसबीण ही शिवी. तिन्ही जोड्यांत गाणं तेच, कसब तेच, फक्त प्रत्यय बदलला आणि शब्द उंबऱ्याबाहेर फेकला गेला.

म्हणूनच की काय, आपल्या सर्वांत मोठ्या गायिकांच्या नावाला साधी ‘बाई’ चिकटून राहिली. केसरबाई, मोगूबाई, हिराबाई. ‘विदुषी’ फार नंतरची. केसरबाईंना ‘सूरश्री’ म्हणत. १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली तिच्यात त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे, आणि यादीत नावाआधी सूरश्री छापलेलं आहे. म्हणजे अंतराळात इतक्या दूर गेलेली आपल्या संगीतातली पदवी बाईची आहे. एवढं पुरे.

प्रतिसाद

वाक्यरचनेकडेही बघा. मराठीत चांगल्या गाण्याची क्रियापदं कर्त्याला बाजूला सारतात. सूर लागतो. मैफल रंगते. राग उभा राहतो. गाणं जमतं. ‘बुवांनी सूर लावला’ हे पहिल्या मिनिटाचं वर्णन झालं. ‘बुवांचा सूर लागला’ हा निकाल. आणि वाईट गाण्याला मात्र कर्ता हजर: ‘त्याने रागाची वाट लावली.’

वाईटाच्या छटाही किती बारीक! बेसूर म्हणजे सरळ चुकलेला. कणसूर म्हणजे कणभर सरकलेला, शंभरातल्या नव्वद लोकांना कळणारही नाही असा. ज्या भाषेने कणाएवढ्या चुकीसाठी वेगळा शब्द ठेवला, तिला थोरपणासाठी एकच शब्द पुरणार नाही, हे मला तरी रास्त वाटतं.

प्रतिसाद

‘दाद’ राहिली. फारसीत दाद म्हणजे न्याय. आपण कोर्टात दाद मागतो ती तीच. मैफलीत देतो तीही तीच, आणि ताप औषधाला दाद देत नाही तेव्हाही तीच. म्हणजे ‘क्या बात है’ म्हणणारा श्रोता टाळ्यापिटू नाही, न्यायाधीश आहे. कुठे दाद दिली यावरून श्रोताही उघडा पडतो. तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तुकडा, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आदळल्यावर सगळेच ‘वा’ म्हणतात. समेच्या आधी, गवई नुसता वळण घेत असताना ज्याच्या तोंडून हुंकार निघतो, त्याच्याकडे गवई पुन्हा पुन्हा बघून गातो. हे मी पहिल्या रांगेत बसून पाहिलं आहे. हुंकार देणारे आजोबा माझ्या शेजारी होते, म्हणून तासभर मला उगीच वाटत होतं की गवई माझ्याकडेच बघताहेत.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. ‘थोर’ आणि ‘महान’ दोन्ही कापले. ‘म्युझिशियन’ला जिथे तिथे गाणारे-वाजवणारे असं फोडलं, आणि मथळा केला: ‘गाणं कोणाकडे असतं?’ मजकूर ज्यांना दाखवला त्यांनी लगेच पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. म्हणाले, अहो, अर्धा लेख गिटार आणि पियानोवर आहे, तिथे गाणं कुठून आलं?

प्रतिसाद

त्यांना विलायतखाँची सतार ऐकवा. तिला गायकी अंगाची म्हणतात. एकदा पडदा दाबला की तार ओढून चार-पाच सुरांपर्यंतची मींड, म्हणजे सुरावरून सुरावर न तुटता सरकणं, त्याच जागेवरून निघते. ‘सतार गाते’ हे आपण कौतुकाने म्हणतो. ‘गळा सतारीसारखा वाजतो’ म्हटलं तर गवई तुमच्याशी बोलणं टाकेल. मथळा राहू द्या. पेन्सिल खोडता येते.