नवी बोरिंग की गच्चीचं पाणी?

सचिव (ए-१०४): नमस्कार मंडळी. मागच्या उन्हाळ्यात आपण ६२ टँकर मागवले. इथे इंदूरला नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेवढ्यात हौद भरत नाही, आणि जुनी बोरिंग मार्चमध्येच माती ओकायला लागते. दुसरी बोरिंग ८०० फुटांपर्यंत न्यायचा प्रस्ताव आहे. रविवारच्या मीटिंगआधी मतं सांगा.

ए-३०२: आमचा होकार. लहान मुलं घरात आहेत, टँकरची वाट बघत बसणं आता होत नाही.

बी-२०१: सचिव साहेब, माझा विरोध आहे. थोडं लांबलचक लिहितोय, पण वाचा.

मी इथल्याच रामबागेत वाढलो. १९७० साली नर्मदेचं पाणी इंदूरला आणा म्हणून आंदोलन झालं, तेव्हा मी शाळेत होतो, मोर्चात मोठ्या भावाचा हात धरून चाललोय. त्याआधी गावाची तहान यशवंत सागर, बिलावली या तलावांवर आणि विहिरींवर भागायची. यशवंत सागर होळकरांनी १९३०च्या दशकात गंभीर नदीवर बांधला. तेव्हाच्या गावाला तो पुरे होता. १९७१च्या जनगणनेत इंदूर ५ लाख ६० हजारांचं झालं होतं आणि उन्हाळ्यात नळाखाली भांड्यांच्या रांगा लागत.

१९७८ मध्ये नर्मदा आली. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटर. नदी तिथे समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास, आपण साडेपाचशेवर, आणि मध्ये विंध्याचा चढ. म्हणजे नळाला येणारा प्रत्येक थेंब विजेच्या मोटारीने डोंगर चढून येतो. हे बिल इतकं मोठं आहे की २०२३ मध्ये महापालिकेने जलूदच्या सौर प्रकल्पासाठी ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढून २४४ कोटी उभे केले.

तरी पुरलं का? २०११ मध्ये शहर १९ लाख ६० हजारांच्या पुढे गेलं होतं. नर्मदा योजनेच्या पहिल्या टप्प्यानंतर दुसरा आला, मग तिसरा. पाणी आलं की वस्ती पसरते, वस्ती पसरली की पुन्हा कमी पडतं. माझ्या डोळ्यांसमोर हे तीनदा झालंय.

सी-४०३: काका, हे सगळं पटतं. पण मे महिन्यात बादलीत काय घालायचं?

बी-२०१: तेच सांगतोय, बेटा. ८०० फुटांवरचं पाणी आपलं एकट्याचं नाही. शेजारची सोसायटी उद्या हजारावर जाईल, मग आपण बाराशेवर जायचं का? खालच्या काळ्या खडकात पाणी फटीफटींतूनच साठतं. पावसाचं पाणी आत मुरलंच नाही तर कितीही खोल गेलं तरी कोरडंच.

म्हणून आधी गच्चीवरचं पावसाचं पाणी जुन्या बोरिंगमध्ये मुरवू. आता हिशेब बघा. आपली गच्ची साडेसहा हजार चौरस फूट, म्हणजे सुमारे ६०० चौरस मीटर. इंदूरला वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर पाऊस पडतो. पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी साडेचार लाख लिटर होतात. पाच हजार लिटरचे नव्वद टँकर! आज ते सगळं पाइपाने गटारात जातं.

ए-३०२: हे माहीत नव्हतं. पण गच्चीवर कबुतरांची घाण असते, ती बोरिंगमध्ये जाणार?

बी-२०१: थेट मुळीच सोडायचं नाही. पहिल्या एकदोन पावसांचं पाणी वेगळ्या नळीने बाहेर काढायचं. नंतरचं खडी, वाळू, कोळशाच्या खड्ड्यातून गाळून मगच आत. खड्डा सेप्टिक टँकपासून लांब, बागेच्या कोपऱ्यात.

सी-४०३: सगळं साडेचार लाख लिटर परत वर येईल असं नाही ना?

बी-२०१: नाही येणार. काही खाली सरकेल, शेजाऱ्यांनाही जाईल. म्हणून यंदा टँकर पूर्ण बंद होतील असं मी म्हणत नाही. पण नव्या बोरिंगचे पैसे घालण्याआधी हे करून बघू.

ए-१०४ (काकू): आणि बी विंगच्या वरच्या टाकीचा फ्लोट वाल्व बदला हो. पहाटे पाणी वाहून जातं, मी रोज बघते.

सचिव (ए-१०४): काकूंचं बरोबर आहे, आजच प्लंबरला सांगतो. बोरिंगचा प्रस्ताव रविवारी मांडतो, पण आधी गच्चीच्या पाण्याचा. सी-४०३, तुम्ही मोजमाप करून द्याल का?

सी-४०३: शनिवारी सकाळी येतो. काका, तुम्हीही वर या. गच्चीची चावी कुणाकडे आहे?