मदत हवी आहे: ओढ्याचे पाणी पिणाऱ्या गायींना मॅग्नेशियम कसे द्यावे?

न्यूझीलंडमधील वायकाटो भागात, डोंगरउतारावरच्या कुरणात चरणाऱ्या मांसासाठीच्या अँगस गायींचा कळप मी सांभाळतो. येथे ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे इकडचा हिवाळा सरून वसंत लागताना, गायी वितात आणि नेमके तेव्हाच कोवळे, पाणीदार रायगवत जोमाने वाढते. त्यात मॅग्नेशियम कमी आणि पालाश (पोटॅशियम) जास्त असल्यामुळे जे थोडे मॅग्नेशियम मिळते तेही पोटात नीट शोषले जात नाही. यंदा थंड, पावसाळी हवेत नुकतीच व्यालेली एक वयस्क गाय मॅग्नेशियमच्या या कमतरतेने (ग्रास टेटनी) सकाळी आडवी पडलेली आढळली. डोळे विस्फारलेले, तोंडाला फेस, आणि झटक्यांनी पायांजवळची माती उकरलेली. पशुवैद्यांनी शिरेतून कॅल्शियम-मॅग्नेशियम सावकाश दिले आणि कातडीखाली मॅग्नेशियम सल्फेट टोचले, म्हणून ती वाचली.

शरीरातला साठा गायीला वेळेवर वापरता येत नसल्याने मॅग्नेशियम रोज पोटात जावे लागते, आणि खरी अडचण तीच आहे. दुग्धव्यवसायात ते पाण्याच्या टाकीत मिसळता येते. आमच्या गायी मात्र ओढ्यावर पाणी पितात. गवतावर टाकलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी पावसात धुऊन जाते, तर मॅग्नेशियमयुक्त चाटण विटांकडे काही गायी फिरकतही नाहीत.

अशा कुरणात पोटात राहून हळूहळू विरघळणाऱ्या मॅग्नेशियमच्या गोळ्या कोणी वापरल्या आहेत का, आणि विण्याच्या किती आधी दिल्या? की वाळल्या चाऱ्यावर मळीत कालवलेली भुकटी देणे अधिक भरवशाचे ठरते? पालाशयुक्त खत वसंतात न देता उन्हाळ्याकडे ढकलल्याने फरक पडला असल्यास तेही कृपया कळवावे.